दुसऱ्या खेपेचं गाणं: वसईच्या घंटेपासून बोनोच्या बॅगेपर्यंत

पहिला अल्बम हौसेचा असतो. शाळेपासून वहीत साठवलेली गाणी, मित्राच्या माडीवरची तालीम, कुणाकडून तरी मागून आणलेला ॲम्प्लिफायर आणि एकदाचं रेकॉर्डिंग! दुसऱ्या अल्बमच्या वेळी वही कोरी असते, ॲम्प्लिफायरवाला भाडं मागतो आणि ऐकणारे तोंडावर सांगतात, "पहिल्यासारखं नाही जमलं हो." त्यात बँड ख्रिस्ती रॉकचा असेल तर पंचाईत दुहेरी. चर्चमधल्या आजीला गिटार कर्कश वाटते आणि तिच्या कॉलेजातल्या नातवाला शब्द प्रवचनासारखे वाटतात.

वसई-विरारच्या पट्ट्यात ख्रिस्ती गाणं जवळपास पाचशे वर्षं नांदतंय. त्यामुळे दुसऱ्या खेपेची ही कसोटी इथल्या मंडळींनी गिटार हातात येण्याच्या कितीतरी आधीपासून दिलेली आहे. जगभरच्या ख्रिस्ती रॉकवाल्यांचे दुसरे अल्बम आणि आपल्या मातीतल्या 'दुसऱ्या' गोष्टी एकाच टोपलीत घातल्या, तर काय काय हाती लागतं? बघा तर.

१. वसईला 'दुसऱ्या'ची धास्ती जुनीच

वसईचे तह दोन. पहिला २३ डिसेंबर १५३४चा. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि सोबत मुंबईची बेटंही. त्यांच्यामागोमाग पाद्री आले, चर्च आली, लॅटिन स्तोत्रं आली. या भागातल्या ख्रिस्ती संगीताचा पहिला अल्बम तो हाच. दुसरा तह ३१ डिसेंबर १८०२चा, इंग्रजांशी झालेला. सही करणाराही योगायोगाने दुसराच, म्हणजे दुसरा बाजीराव. या तहाने पेशवाईची घरघर सुरू झाली आणि सोळा वर्षांत ती संपली. दुसऱ्या अल्बमने बँड बुडतो म्हणतात. इथे राज्य बुडालं!

२. पहिला मान, दुसरी उसनवारी

ख्रिस्ती रॉकचा पहिला अल्बम म्हणून बहुतेक जण लॅरी नॉर्मन या अमेरिकन गायकाच्या 'अपॉन धिस रॉक'कडे बोट दाखवतात. साल १९६९, कंपनी कॅपिटॉल. चर्चवाल्यांना तो फार 'रॉक' वाटला, रॉकवाल्यांना फार 'चर्च' वाटला. खप यथातथाच झाला आणि कंपनीने हात झटकले. मग नॉर्मनने दुसरा अल्बम, 'स्ट्रीट लेव्हल', १९७०मध्ये स्वतःच काढला. त्यासाठी पैसे उसने दिले पॅट बून यांनी. गुळगुळीत आवाजाचे, नीटनेटक्या कपड्यांतले हे गायक आणि खांद्यावर रुळणाऱ्या केसांचा नॉर्मन, जोडी विजोड खरी! पुढे १९७२च्या 'ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट' या त्याच्या अल्बमला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत बसवलं. उसनवारी फुकट गेली नाही.

३. प्रत्येक पेद्रू हा जन्मजात रॉकवाला

येशूने सायमन नावाच्या कोळ्याला नवं नाव दिलं, पेत्र. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ खडक. या खडकावर मी माझी मंडळी उभारीन, असं मत्तयच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो. 'अपॉन धिस रॉक' या नावातली कोटी तिथूनच आली. पोर्तुगीजांनी पेत्राचा पेद्रू केला आणि तो आपल्याकडे आला. म्हणजे गावातले पेद्रूकाका कितीही शांत असोत, नावातच रॉक घेऊन फिरतात!

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात १९७२मध्ये निघालेल्या एका ख्रिस्ती बँडनेही हेच नाव उचललं, 'पेट्रा'. त्यांचा दुसरा अल्बम 'कम अँड जॉइन अस' १९७७चा. 'या, आमच्यात सामील व्हा' अशी हाक दिली खरी, पण फारसं कुणी आलंच नाही आणि कंपनीने बँडची साथ सोडली. या अल्बममध्ये 'गॉड गेव्ह रॉक अँड रोल टू यू' हे गाणं होतं. ते मुळात अर्जेंट या इंग्लिश बँडचं. रॉक ही देवाचीच देणगी, असा दावा करणारं हे गाणं पुढे १९९१मध्ये 'किस'ने गाजवलं. तोंडाला काळापांढरा रंग फासून मंचावर आगीचे लोळ काढण्यासाठी प्रसिद्ध असलेला बँड तो! देणगी कुणाच्या पदरात पडेल, सांगता येत नाही. पेट्राने मात्र हार मानली नाही. हा बँड पुढे कित्येक वर्षं वाजत राहिला.

४. ओवीतला डबल अल्बम

आता आपल्याकडचा खरा 'दुसरा अल्बम'. मूळचे इंग्लंडचे आणि १५७९मध्ये गोव्यात उतरलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचलं. १६१६मध्ये ते गोव्यातल्या रायतूर इथे छापलं गेलं. त्याचे भाग दोन: 'पहिलें पुराण' जुन्या कराराचं आणि 'दुसरें पुराण' येशूच्या चरित्राचं. ओव्या एकूण १०,९६२. आजच्या हिशेबात डबल अल्बम नव्हे, अख्खं कपाट!

गंमत पाहा. लेखक इंग्रज, सत्ता पोर्तुगीजांची, छंद ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीचा आणि छपाई रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. स्वर्गासाठी शब्द मात्र 'वैकुंठ'. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणं सुटली होती, पण पुराण ऐकायची सवय सुटली नव्हती. फादरनी ती सवय मोडली नाही, तिच्यात नवी कथा ओतली. चाल तुमची आणि गोष्ट आमची, हे ख्रिस्ती रॉकचं सूत्र गिटारच्या साडेतीनशे वर्षं आधी रायतूरला वापरून झालं होतं.

५. पिवळे-काळे पट्टे आणि हवेतून येणारा नवा करार

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत 'स्ट्रायपर' नावाचा ख्रिस्ती हेवी मेटल बँड गाजला. कपडे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे, गिटारीही तशाच. गांधीलमाशांचं मोहोळ उठून मंचावर आल्यासारखं! 'स्ट्राइप' म्हणजे पट्टा, तसाच चाबकाच्या फटक्याचा वळ. यशयाच्या पुस्तकातल्या ५३व्या अध्यायातल्या पाचव्या वचनात या वळांचा उल्लेख आहे आणि बँडचं नाव त्याच्याशी बांधलेलं आहे.

१९८४च्या छोट्या तबकडीनंतर दुसऱ्या खेपेला, १९८५मध्ये, त्यांनी 'सोल्जर्स अंडर कमांड' काढला आणि तो जोरात चालला. इतर बँड गर्दीत गिटारच्या पट्ट्या फेकत. हे नव्या कराराच्या प्रती फेकत. पहिल्या रांगेत उभं राहायचं तर झेल घ्यायची तयारी हवी!

वसईने नवा करार वाचकांपर्यंत पोचवला तो मात्र अलगद. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सोप्या, प्रवाही मराठीत आणलं. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. फेकाफेकी न करता पुस्तक घरोघरी गेलं.

६. घंटांचा दुसरा जन्म

मे १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. विजयाच्या खुणा म्हणून पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा हत्तीच्या डौलात मराठी मुलखात निघाल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर एक आहे. तिच्यावर मरियामाता आणि बाळ येशूची आकृती आजही दिसते. खाली शिवलिंग, वर मरियामाता आणि बाहेर संथ वाहणारी कृष्णा.

नाशकात गोदाकाठच्या रामेश्वर मंदिरातली 'नारोशंकराची घंटा' १७२१ सालची. गोदावरीला पूर आला की पाणी घंटेला लागलं का, हे पाहायला नाशिककर धावतात. वसईत मिस्साला बोलावण्यासाठी ओतलेली घंटा नाशकात पूरमापक झाली! धर्म बदलला, पत्ता बदलला, कामही बदललं. नाद तेवढा तोच राहिला. चर्चच्या वाद्याचा असा दुसरा अल्बम जगात शोधून सापडायचा नाही.

७. बोनोची बॅग

'यू टू' हा आयर्लंडचा बँड स्वतःला ख्रिस्ती रॉक म्हणवत नाही. पण त्यांचा दुसरा अल्बम, 'ऑक्टोबर', श्रद्धेने काठोकाठ भरलेला आहे. त्या वेळी चौघांपैकी तिघे, बोनो, एज आणि लॅरी मुलन, डब्लिनमधल्या 'शालोम' या प्रार्थनागटात जात असत. चौथा, ॲडम क्लेटन, मात्र त्या वाटेला गेला नाही. रॉक वाजवायचं की देवाचं काम करायचं, या पेचात एज बँड सोडायच्या बेतात होता.

त्यातच मार्च १९८१मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातल्या कार्यक्रमानंतर बोनोची बॅग गायब झाली. आत नव्या गाण्यांचे शब्द आणि टिपणं होती. स्टुडिओचे दिवस ठरलेले, हातात कागद नाही. मग मायक्रोफोनपुढे उभं राहून जे सुचेल ते गायचं, असा मामला झाला. 'ग्लोरिया' या गाण्यात तर बोनो इंग्रजी सोडून थेट लॅटिनमध्ये शिरला. शब्द आठवेनात तेव्हा प्रार्थना कामी आली म्हणा ना! रविवारच्या मिस्सात ग्लोरिया म्हणणाऱ्या आणि घरात एखादी ग्लोरियामावशी असलेल्या वसईकराला हे गाणं परकं वाटू नये.

बॅग परत मिळाली ती २००४मध्ये. कुणा भल्या बाईंनी ती सांभाळून ठेवली होती. तेवीस वर्षांनी! तोवर अल्बमला त्या कागदांची गरज उरली नव्हती. आणि हो, हाच बँड १५ डिसेंबर २०१९ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये वाजवून गेला. भारतातला त्यांचा तो पहिलाच कार्यक्रम.

८. बारा ऑक्टोबरचा योगायोग

'ऑक्टोबर' बाहेर आला १२ ऑक्टोबर १९८१ला. ही तारीख वसईने आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावी. भारतात जन्मलेले पहिले संत आपल्या वसईचे, संत गोन्सालो गार्सिया. जपानमध्ये आधी व्यापार केला, तिथली भाषा उत्तम शिकले आणि मग फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून दुभाष्याचं काम केलं. ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत एकूण २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आलं, त्यांत ते होते. क्रुसावरूनही या मंडळींनी स्तोत्रं गायली, असं वर्णन आहे. ८ जून १८६२ला त्यांना संतपद मिळालं.

दुसऱ्या संतासाठी भारताला तब्बल १४६ वर्षं थांबावं लागलं. केरळच्या सिस्टर अल्फोन्सा संत म्हणून घोषित झाल्या त्या १२ ऑक्टोबर २००८ला! दुसऱ्या अल्बमला दोन वर्षं उशीर झाला म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हा आकडा घोकून ठेवावा.

९. लॅटिनची सुट्टी झाली 'दुसऱ्या'मुळेच

साठच्या दशकापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये चाले. फादर वेदीकडे तोंड करून पुटपुटत आणि लोक जपमाळ ओढत. मग १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये परिषद भरली. नाव काय? द्वितीय व्हॅटिकन परिषद. ४ डिसेंबर १९६३ला उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर झाला. बाजूने मतं २,१४७ आणि विरोधात फक्त ४! आपल्याकडच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरही एवढं एकमत होत नाही.

या दस्तऐवजाने लोकभाषांना दार उघडलं आणि देशोदेशीच्या संगीतपरंपरांना मान दिला. धर्मग्रामातल्या गायनवृंदांच्या हाती मराठी गीतं आली, पेटी आणि तबला वेदीजवळ पोचला, पाठोपाठ गिटारही. लॅटिन हा पहिला अल्बम ऐकायला छान होता. सोबत गाता आला तो दुसरा.

१०. उंदरांनी ऑर्गन कुरतडला म्हणे!

चर्चमध्ये गिटार म्हणजे आजकालचं खूळ, असं म्हणणाऱ्या मंडळींसाठी एक तारीख: २४ डिसेंबर १८१८. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात नाताळच्या आदल्या रात्री एक नवं गीत गायलं गेलं, साथीला गिटार. गीत होतं 'सायलेंट नाइट'. शब्द फादर योसेफ मोर यांचे, चाल शाळामास्तर फ्रान्झ ग्रुबर यांची. ऑर्गन उंदरांनी कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट गोड आहे, पण ती दंतकथाच. गिटार मात्र खरी. वसईत घरोघरी कॅरल गात फिरणारी पोरं गिटार गळ्यात अडकवतात तेव्हा ती नियम मोडत नसतात, दोनशे वर्षांचा रिवाज पाळत असतात.

११. वाजवत निघाले म्हणून पकडले

सप्टेंबर १८८२मध्ये मुक्तिफौजेची, म्हणजे 'साल्व्हेशन आर्मी' या ख्रिस्ती संघटनेची, चार माणसं मुंबईत उतरली. त्यांचे म्होरके फ्रेडरिक टकर, सनदी नोकरीवर पाणी सोडून आलेले. या मंडळींनी साहेबी कपडे टाकून भारतीय वेश घातला, टकर यांनी 'फकीरसिंग' असं नाव घेतलं आणि रस्त्यावर गात-वाजवत मिरवणूक काढली. इंग्रज सरकारने इंग्रज माणसांना गाण्यापायी अटक केली! मुंबईकरांना फुकटात तमाशा पाहायला मिळाला असेल.

पुढे १९६४मध्ये याच मुक्तिफौजेच्या लंडनमधल्या पोरापोरींनी गणवेशातच विजेच्या गिटारी हातात घेतल्या. 'जॉयस्ट्रिंग्ज' या त्यांच्या बँडचं गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत शिरलं. आजोबांना रस्त्यावर वाजवल्याबद्दल तुरुंग आणि नातवंडांना टाळ्या. दुसऱ्या पिढीचं नशीब!

१२. 'फार घाबरलेली'ला ग्रॅमी

'जार्स ऑफ क्ले', म्हणजे मातीची भांडी. १९९५च्या पहिल्या अल्बमने या अमेरिकन बँडला एकदम शिखरावर नेलं. नाव घेतलं होतं पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातून. पहिल्या नव्हे, दुसऱ्या पत्रातून! आता पुढचा अल्बम कसा करायचा? १९९७मध्ये दुसरा आला, त्याचं नाव 'मच अफ्रेड', म्हणजे 'फार घाबरलेली'. हॅना हर्नार्ड यांच्या एका रूपककथेच्या नायिकेचं हे नाव. पण दुसऱ्या अल्बमची धडधड इतक्या प्रामाणिकपणे मुखपृष्ठावर छापणारा बँड विरळाच. आणि गंमत म्हणजे, गॉस्पेल गटातलं ग्रॅमी याच घाबरलेलीने पटकावलं.

१३. आपलं मातीचं भांडं

अमेरिकन बँडने मातीच्या भांड्याचं नाव घेतलं. आपल्याकडे मातीचं भांडंच बँडमध्ये वाजतं! घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडा मातीचा घडा. एका तोंडावर कातडं ताणायचं, दुसऱ्या तोंडावर हात उघडमीट करून आवाज घुमवायचा. उत्तर कोकणातल्या ईस्ट इंडियन लोकांच्या लग्नात 'उंबराचं पाणी' आणायला विहिरीवर वरात निघते, तेव्हा घुमट आणि ब्रास बँड यांची जुगलबंदी रंगते.

हे कातडं पूर्वी घोरपडीचं असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याला मनाई आली आणि आता बकऱ्याचं कातडं वापरतात. गोव्याने २०१९मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. दुसऱ्या कातड्यावर दुसरी इनिंग!

आणि राहणार पश्चिम किनाऱ्यावर, तरी नाव 'ईस्ट इंडियन' कसं? १८८७मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या मंडळींनी ते घेतलं. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखातले मूळचे रहिवासी, हे त्यांना ठसवायचं होतं. वसईतल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाचं 'कुपारी' हे नाव तर पोर्तुगीज 'कोम्पाद्रे'वरून आलं असं मानतात. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचे आईबाप आणि धर्मपिता यांच्यात जुळणारं नातं ते. थोडक्यात, सगळी कुपारी मंडळी एकमेकांची नातेवाईक!

१४. तव्यावरचं संगीत

ख्रिस्ती रॉकमधल्या अतिशय खपाऊ बँडपैकी एकाचं नाव चक्क स्वयंपाकघरातलं आहे. 'स्किलेट', म्हणजे आपला खोलगट तवा. १९९६मध्ये अमेरिकेतल्या मेंफिस शहरात दोन वेगवेगळ्या बँडमधली पोरं एकत्र आली. त्यांच्या पास्टरनी सुचवलं, की सगळे मसाले एकाच तव्यात पडतायत, तर नावही तेच ठेवा. १९९८च्या दुसऱ्या अल्बममध्ये त्यांनी पहिल्याची चव बाजूला ठेवली आणि यांत्रिक, इलेक्ट्रॉनिक आवाजांची फोडणी दिली. काहींनी नाकं मुरडली, बँड मात्र टिकला.

बाटलीतल्या मसाल्यावर अख्खं वर्ष काढणाऱ्या ईस्ट इंडियन घरांत या नावावर कुणी हसणार नाही. एकाच बाटलीत वीसेक जिन्नस नांदतात, तर एका तव्यात चार वाद्यं का नाही नांदणार?

१५. नवऱ्याचं अपुरं, बायकोने केलं पुरं

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले, पण अभंग आणि कीर्तन त्यांनी सोडलं नाही. ख्रिस्ताची भक्ती टाळ-मृदंगावर करता येते, हे त्यांनी नगरच्या मंडळीला दाखवून दिलं. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी हाती घेतलं आणि १९१९मध्ये ते गेले. काव्य अर्धवट राहिलं. मग लक्ष्मीबाई टिळकांनी लेखणी उचलली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी तब्बल ६४ अध्याय लिहून ते तडीस नेलं. शिवाय 'स्मृतिचित्रे' लिहून मराठी आत्मचरित्राला कायमचं ऋणात ठेवलं, ते वेगळंच. मूळ गायक गेल्यावर दुसऱ्या आवाजाने अल्बम पुरा केल्याचं याहून मोठं उदाहरण कुठून आणायचं?

१६. माय नेम इज...

'अमर अकबर अँथनी'मधला अँथनी गोन्साल्विस १९७७मध्ये अंड्यातून बाहेर आला आणि देशभर पोचला. पण हे नाव खऱ्या माणसाचं होतं. गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक अँथनी गोन्साल्विस हे या सिनेमाच्या संगीतकार जोडीतल्या प्यारेलाल यांचे गुरू. शिष्याने गुरुदक्षिणा अशी दिली.

गोव्याच्या चर्चला जोडलेल्या संगीतशाळांत स्वरलेखन शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले. पहिलं वाजवणं मिस्सात, दुसरं स्टुडिओत. आडनावाची फोडही मजेशीर आहे. 'गोन्साल्विस' म्हणजे गोन्सालोचा पुत्र. वसईत ज्यांच्या पाटीवर हे आडनाव आहे, त्यांच्या दारावर नकळत आपल्या संताचंच नाव लिहिलेलं आहे.

१७. किल्ल्यात कोल्डप्ले

२०१६च्या सुरुवातीला कोल्डप्ले या इंग्लिश बँडच्या एका गाण्याचा व्हिडिओ आला. त्यात बियॉन्से होती, सोनम कपूर होती, होळीचे रंग होते. त्याचं काही चित्रण झालं आपल्या वसईच्या किल्ल्यात! गाण्याचं नाव 'हिम फॉर द वीकेंड'. 'हिम' म्हणजे स्तोत्र. कोल्डप्ले काही ख्रिस्ती बँड नव्हे. पण जिथे कधीकाळी फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट साधूंची स्तोत्रं घुमली आणि नंतर छपरं पडून वडापिंपळांनी भिंती धरल्या, तिथे कॅमेरा घेऊन आलेल्या पाहुण्यांनी नावापुरतं का होईना स्तोत्रच आणलं. किल्ल्याने ऐकून घेतलं असेल. त्याला सवय आहे.

जाता जाता

या सगळ्या यादीतून एक गोष्ट वर येते. पहिल्या खेपेचं गाणं बहुधा बाहेरून येतं, नाही तर भरून आलेल्या मनातून आपोआप उसळतं. ते आपलं होतं की नाही, हे दुसऱ्या खेपेला कळतं. लॅटिन पोर्तुगीजांचं होतं, ओवी आपली झाली. गिटार साहेबाची होती, कॅरल आपली झाली.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. 'ख्रिस्तपुराणा'च्या १६१६च्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६४९ आणि १६५४च्या आवृत्त्यांचीही नाही. पुराण वाचलं, कारण भाविकांनी ते हाताने उतरवून घेतलं आणि पिढ्यान्‌पिढ्या गायलं. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. देवनागरीतली एक प्रत तर थेट लंडनमध्ये सापडली. बोनोला मात्र आपल्या कागदांसाठी तेवीस वर्षं वाट पाहावी लागली.

तेव्हा पापडीपासून आगाशीपर्यंत जिथे कुठे पोरापोरींचा बँड दुसऱ्या अल्बमच्या तयारीला बसला असेल, त्यांना एवढंच सांगणं: चाल कुठलीही लावा, पण गाण्याच्या वहीची एक झेरॉक्स आजच काढून ठेवा.